अन्नावरचा अविश्वास: पिठातल्या हाडांपासून प्रयोगशाळेतल्या पेशींपर्यंत

अन्नाविषयी समाजाच्या मनात संशय कसा निर्माण होतो आणि एकदा निर्माण झाला की तो का जात नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या संशयाचं रूप बदललं आहे. पूर्वी लोक विचारत, 'यात काय मिसळलंय?' आता विचारतात, 'हे बनवताना काय वापरलंय?' वरवर पाहता दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. पण दुसरा प्रश्न विचारणाऱ्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, की त्याचा संशय कमी होण्याऐवजी वाढतो. हे का होतं, ते आज आपण इतिहासातली काही प्रकरणं समोर ठेवून पाहणार आहोत.

१८५७ पासून सुरुवात करू. काडतुसांची गोष्ट आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पिठाची गोष्ट मात्र तेवढी सांगितली जात नाही. उठावाच्या आधीच्या आठवड्यांत कानपूरच्या बाजारात मीरतहून पीठ आलं. ते कालव्यावरच्या गिरण्यांत दळलेलं होतं आणि नेहमीच्या भावापेक्षा स्वस्त होतं. बघता बघता बातमी पसरली, की या पिठात गाईच्या हाडांची भुकटी आहे. शिपायांनी ते पीठ घ्यायचं नाकारलं. हाडांचा कुठलाही पुरावा कधी सापडला नाही.

मग लोकांनी विश्वास का ठेवला? बघा, ज्या समाजात धान्य घरच्या जात्यावर, डोळ्यांसमोर दळलं जायचं, तिथे हे पीठ नजरेआड दळलेलं होतं. ते स्वस्त का, हे कोणी सांगत नव्हतं. आणि त्याच सुमारास काडतुसांच्या चरबीचा प्रश्न पेटलेला होता. जानेवारीत दमदमच्या छावणीत कुरबुर सुरू झाल्यावर शिपायांनी स्वतःचं वंगण वापरावं, काडतूस दातांऐवजी हातानं फाडावं, अशा सवलती सरकारनं दिल्या. पण तोवर संशय चरबीवरून काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेला होता. उत्तर आलं, पण प्रश्न पसरल्यानंतर आलं. हा क्रम लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हापुन्हा दिसणार आहे.

कुंभार, दांडा आणि गाढव

आता थोडं तर्कशास्त्र. घाबरू नका, आपल्या न्यायदर्शनातलं अगदी पहिल्या वर्गाला शिकवायचं उदाहरण आहे. आम्ही ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. मडक्याचं कारण काय? माती हे समवायी कारण. म्हणजे काय, तर मडकं तयार झाल्यावरही माती त्यात राहते. कुंभार, त्याचं चाक, चाक फिरवायचा दांडा ही निमित्त कारणं. त्यांच्यावाचून मडकं होत नाही, पण मडक्यात ती राहत नाहीत. आणि माती वाहून आणणारं गाढव? नैयायिक त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. ते तिथे होतं हे खरं, पण मडक्याचं कारण म्हणून त्याची गणना होत नाही. माती दुसऱ्या कशानं आणली असती तरी मडकं तेच झालं असतं.

माती, दांडा, गाढव. अन्नाच्या प्रत्येक वादात भांडण या तिघांवरून असतं. विरोधक म्हणतात, 'ही माती आहे, आमच्या पोटात गेली.' उत्पादक म्हणतात, 'छे, ते गाढव होतं, त्याचा काय संबंध?' आणि बऱ्याचदा खरी गोष्ट दांड्याची असते. तिच्याबद्दल कोणीच नीट बोलत नाही.

२००१: बटाटा आणि अजिनोमोटो

जिथे वस्तू खरोखरच 'माती' होती, असं एक प्रकरण आधी घेऊ. मॅकडोनाल्ड्स कंपनी अमेरिकेत आपले तळलेले बटाटे बऱ्याच अंशी गाईच्या चरबीत तळत असे. १९९० साली तिनं जाहीर केलं, की यापुढे फक्त वनस्पतिजन्य तेल वापरू. तिथले हिंदू, जैन आणि इतर शाकाहारी लोक निर्धास्तपणे ते बटाटे खाऊ लागले. २००१ मध्ये उघड झालं, की बटाट्यांना गोमांसापासून काढलेला स्वाद लावला जातो. घटकांच्या यादीत तो होता, पण 'नैसर्गिक स्वाद' या नावाखाली. सिअ‍ॅटलमध्ये दावा दाखल झाला. पडसाद थेट आपल्याकडे उमटले आणि ठाण्यातल्या दुकानाची मोडतोड झाली. भारतातल्या बटाट्यांत असा स्वाद नसतो, असं कंपनी सांगत होती. पण त्या क्षणी ते ऐकायला कोणी तयार नव्हतं. अखेर अमेरिकेत कंपनीनं माफी मागितली आणि तडजोडीत १ कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू आणि इतर संस्थांना देण्याचं मान्य केलं. इथे लोकांचा संशय बरोबर होता. आणि लक्षात घ्या, कंपनीचं 'वनस्पती तेल' हे विधान शब्दशः खोटं नव्हतं. ते फक्त लोकांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला इंडोनेशियात दुसरा वाद पेटला. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर जी पांढरी पूड वापरतात, तिला आपण सरसकट 'अजिनोमोटो' म्हणतो. ते मूळ जपानी कंपनीचं नाव. तिचा कारखाना पूर्व जावात आहे. ही पूड साखर कारखान्यातल्या मळीवर जिवाणू वाढवून, आंबवण्याच्या पद्धतीनं करतात. त्या जिवाणूंचं मूळ विरजण जपून ठेवायला पोषक द्रव्य लागतं. कंपनीनं ते द्रव्य बदललं. नवं द्रव्य सोयाबीनचं होतं, पण सोयाबीनचं विघटन करायला डुकरापासून काढलेलं एन्झाइम वापरलेलं होतं.

साखळी बघा किती लांब आहे: डुकराचं एन्झाइम, त्यानं फोडलेलं सोयाबीन, त्यावर जगलेले जिवाणू, त्यांनी बनवलेला क्षार. अंतिम पुडीत डुकराचा अंश नव्हता. पण तिथल्या उलेमा परिषदेनं डिसेंबर २००० मध्ये ती पूड हराम ठरवली. परिषदेचा युक्तिवाद असा होता, की डुकराचा निर्मितीत उपयोग करणं हेच निषिद्ध, मग अंश उरो वा न उरो. जानेवारीत माल बाजारातून परत घ्यावा लागला. कंपनीच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद स्वतः मोठे धर्मपंडित; त्यांनी उलट मत दिलं, की अंतिम पदार्थात काही नाही तर तो हलालच आहे.

दोन विद्वान बाजू, एकच धर्म, एकच पूड. एक म्हणते दांड्याची शुद्धता मोजायची, दुसरी म्हणते फक्त मातीची. हा मतभेद अज्ञानातून आलेला नव्हता. परिषदेकडे रसायनशास्त्राची माहिती होती. सामान्य गिऱ्हाइकाला मात्र या वादापेक्षा एकच गोष्ट खुपली. हलाल प्रमाणपत्र घेतलेलं असताना कंपनीनं प्रक्रिया बदलली आणि प्रमाणपत्र देणाऱ्याला ते सांगितलं नाही. पुढे कंपनीनं पोषक द्रव्य पुन्हा बदललं आणि प्रमाणपत्र परत मिळवलं. म्हणजे पर्याय उपलब्ध होता.

लायडनची पेशी, सॅन डिएगोची चव

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात अ‍ॅलेक्स व्हॅन डर एब यांच्या प्रयोगशाळेत फ्रँक ग्रॅहम नावाचे तरुण शास्त्रज्ञ काम करत होते. मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींमध्ये एका विषाणूचं डीएनए घालून त्या पेशी न थांबता वाढत ठेवता येतात का, हे ते पाहत होते. त्यांच्या २९३ व्या प्रयोगाला यश आलं. म्हणून त्या पेशींचं नाव 'एचईके २९३' पडलं. त्या मूळ पेशींचे वंशज आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्या सांभाळायला सोप्या असतात आणि बाहेरचं जनुक पटकन स्वीकारतात. मूळ गर्भ गर्भपातातला होता की आपोआप पडलेला, याची नोंद मात्र उरलेली नाही. व्हॅन डर एब यांनी २००१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या समितीसमोर सांगितलं, की ती माहिती हरवली आहे. त्या एका न झालेल्या नोंदीनं पुढे किती काम केलं, ते आता बघू.

सॅन डिएगोत सेनोमिक्स नावाची कंपनी होती. चव वाढवणारे नवे पदार्थ शोधणं हा तिचा धंदा. पूर्वी हे काम माणसांना चाखायला देऊन होत असे, त्यामुळे फार हळू चाले. सेनोमिक्सनं वेगळी वाट धरली. आपल्या जिभेवर गोड, कडू ओळखणारे रिसेप्टर असतात. त्यांचं जनुक प्रयोगशाळेतल्या पेशीत घालायचं आणि त्या पेशीवर एकेक रसायन सोडून पाहायचं. पेशीनं प्रतिसाद दिला तर ती चकाकते. अशा रीतीनं लाखो रसायनं झपाट्यानं तपासता येतात. आणि यासाठी वापरलेल्या पेशींमध्ये एचईके २९३ होती. कंपनीच्या पेटंटांतच तसं लिहिलेलं होतं.

ऑगस्ट २०१० मध्ये पेप्सिकोनं सेनोमिक्सशी चार वर्षांचा करार केला आणि ३ कोटी डॉलर आगाऊ दिले. हेतू असा, की साखर कमी घालूनही पेय तितकंच गोड लागावं. हेतू वाईट नव्हता. २०११ मध्ये फ्लोरिडातल्या एका गर्भपातविरोधी संघटनेनं ती पेटंटं वाचली आणि बहिष्काराची हाक दिली. तिथून गोष्ट सुटली. 'चव तपासायला वापरलेली पेशी' याचं 'पेयात गर्भाचे अवशेष' व्हायला फार दिवस लागले नाहीत. जानेवारी २०१२ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या विधिमंडळात सिनेटर राल्फ शॉर्टी यांनी विधेयक मांडलं, की ज्यात गर्भपात झालेल्या गर्भाचे घटक आहेत किंवा ज्याच्या संशोधनात ते वापरले आहेत, असं अन्न विकायला बंदी असावी. असा पदार्थ आपल्याला माहीत नाही, हेही त्यांनीच मान्य केलं. ते विधेयक पुढे गेलं नाही.

आपण आपली कसोटी लावू. पेयात गर्भाचे अवशेष होते का? नव्हते. ही अफवा सरळ खोटी होती. तिथे 'माती'चा प्रश्नच नाही. मग ती पेशी गाढव होती का? तेही नाही. मातीचं मडकं कुंभार वाजवून बघतो, बद्द आवाज आला तर बाजूला टाकतो. वाजवणारा हात मडक्यात नसतो, पण कोणतं मडकं बाजारात जाईल हे तोच ठरवतो. ही पेशी तसा हात होती. ज्याला गर्भपात हे पाप वाटतं, त्यानं 'त्या हाताची मदत मला नको' म्हणणं यात वेडगळ काही नाही. आपण त्याच्याशी सहमत असू किंवा नसू, त्याचा प्रश्न समजण्यासारखा आहे.

उत्तरं मात्र कशी मिळाली? बाटलीवर 'कृत्रिम स्वाद' यापलीकडे काही लिहावं लागत नव्हतं. कंपनीच्या काही भागधारकांनी ठराव आणायचा प्रयत्न केला. तो मतदानाला न ठेवण्याची मुभा अमेरिकेच्या रोखे आयोगानं फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीला दिली. कारण काय, तर हा कंपनीच्या 'नेहमीच्या कामकाजाचा' विषय आहे. कायद्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की यावर भागधारकांनी मत द्यायचं नसतं. पण बाहेर लोकांनी वाचलं: गर्भाच्या पेशी वापरणं हे यांचं नेहमीचंच काम आहे! शेवटी त्याच वर्षी पेप्सिकोनं लिहून दिलं, की आपल्यासाठीच्या संशोधनात सेनोमिक्स अशा पेशी वापरणार नाही. बहिष्कार मागे घेतला गेला. पण अफवा मागे घ्यायची कोणाची जबाबदारी नसते. ती आजही अधूनमधून मोबाइलवर फिरताना दिसते.

उषस्तीचं पाणी

हे सगळं परदेशातलं झालं, असं वाटेल. तर आता पुण्यात येऊ. २०२१ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली कोव्हिशिल्ड ही लस याच एचईके २९३ पेशींवर वाढवलेली होती. तिच्या माहितीपत्रकात ते छापलेलं होतं. भारतात दिलेल्या करोना लशीच्या मात्रांपैकी बहुतांश मात्रा याच लशीच्या. आपल्यापैकी बहुतेकांनी ती दंडावर घेतली आहे. इथे पेशी म्हणजे कुंभाराचं चाक म्हणा. लशीचा विषाणू तिच्यावर वाढतो, मग तो वेगळा करून शुद्ध करतात.

दुसऱ्या लशीवरून मात्र आपल्याकडे गदारोळ झाला. जून २०२१ मध्ये चर्चा उठली, की कोव्हॅक्सिनमध्ये वासराच्या रक्तातला द्रव आहे. १६ जूनला आरोग्य मंत्रालयानं खुलासा केला: तो द्रव माकडाच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या व्हेरो पेशी वाढवायला लागतो, नंतर पेशी अनेकदा धुतल्या जातात, अंतिम लशीत तो मुळीच नसतो. खुलासा पूर्ण खरा होता. आणि कंपनीनं ही माहिती शोधनिबंधांतून आधीच प्रसिद्ध केलेली होती. पण शोधनिबंधात असणं म्हणजे लोकांना सांगणं नव्हे. सामान्य माणसाच्या कानावर ती प्रथम आली ती आरोप म्हणून. इथे अविश्वासाची किंमत पेयाच्या खपात मोजायची नव्हती. त्या महिन्यात माणसं मरत होती.

मग प्रश्न येतो, की चवीसाठी जी गोष्ट नको म्हणायची मुभा आहे, ती लशीसाठी का नसावी? ज्यांचा गर्भपाताला कडवा विरोध आहे, त्या व्हॅटिकननं २१ डिसेंबर २०२० च्या निवेदनात सांगितलं, की दुसरा पर्याय नसेल तर अशा पेशींवर तयार झालेली लस घेणं नैतिकदृष्ट्या मान्य आहे. मूळ कृत्याशी घेणाऱ्याचा संबंध फार दूरचा आहे. मात्र उत्पादकांनी वेगळे मार्ग शोधावेत.

हा विचार आपल्याला परका नाही. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायण या विद्वानाची कथा आहे. दुष्काळात उपाशी असताना त्यानं हत्ती बाळगणाऱ्या माणसाचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले. त्या माणसानं मग स्वतःचं उरलेलं पाणी पुढे केलं, तर उषस्ती नको म्हणाला. 'उष्टे दाणे चालतात, उष्टं पाणी चालत नाही?' असं त्या माणसानं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, की दाणे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मला इतरत्र मिळेल. एकाच माणसाच्या हातची दोन वस्तू. एक घेतली, एक नाकारली, आणि त्यात विसंगती नाही. लस म्हणजे दाणे. शीतपेयाची चव म्हणजे पाणी. ज्याला हा फरक सांगता येतो, त्याला अफवेच्या आहारी न जाता आपलं मन सांभाळता येतं.

पण उषस्तीला एक गोष्ट ठाऊक होती, म्हणून तो निवड करू शकला: दाणे कोणाचे आहेत, हे त्याच्यापासून लपवलेलं नव्हतं.

पुढे काय

आपल्या कायद्याला हे उशिरा का होईना उमगलं आहे. पाकिटावरचा हिरवा आणि तपकिरी ठिपका २००१ मध्ये आला. तो आला तेव्हा मोठा दिलासा वाटला. पण ठिपका एका शब्दाचं उत्तर देतो. ६३१ सारखा चव वाढवणारा क्रमांक वनस्पतीतून आला की मांसामाशातून, हे क्रमांकावरून कळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आदेश दिला, की घटक कितीही अल्प असला तरी, नुसत्या सांकेतिक क्रमांकानं न भागवता, तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत तयार झाला, हे सांगितलं पाहिजे. खाणाऱ्याला कळण्याचा हक्क आहे, असं न्यायालयानं मानलं. तरीही हा आदेश 'घटका'पुरता आहे. अंतिम पदार्थात न उरणाऱ्या साधनाबद्दल तो फारसं बोलत नाही. माती झाली, दांडा बाकी आहे.

आणि आता तर पेशी स्वतःच माती होऊ घातली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनमध्ये मार्क पोस्ट यांनी गाईच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेला बर्गर लोकांसमोर चाखायला दिला. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरनं अशा कोंबडीच्या मांसाला विक्रीची परवानगी दिली, जून २०२३ मध्ये अमेरिकेनं. नोव्हेंबर २०२३ मध्ये इटलीनं त्यावर बंदी घातली, पुढच्या वर्षी फ्लोरिडानंही. या मांसासाठी प्राणी मारावा लागत नाही, असा दावा होता. पण सुरुवातीच्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तो गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेला होता. आज कंपन्या त्याला पर्याय वापरू लागल्या आहेत, हे खरं. पण ते आपणहून, ठळकपणे सांगितलं जातं का, यावर पुढचं बरंच काही अवलंबून राहील. उद्या आपल्या बाजारात असं मांस आलं, तर ते शाकाहारी की मांसाहारी, हलाल की नाही, जैनाला चालेल का, हे प्रश्न येणारच. 'अडाणी लोकांच्या शंका' म्हणून ते झटकले, तर कानपूरचं पीठ पुन्हा आलं म्हणून समजा.

आम्हाला श्रोत्यांमधून नेहमी विचारलं जातं, की लोकांना विज्ञान शिकवलं तर हा अविश्वास जाईल ना? थोडा जाईल. पेयात गर्भ असल्याची अफवा शिक्षणानं मरू शकते. पण इंडोनेशियातल्या परिषदेला विज्ञान कळत होतं आणि सिअ‍ॅटलला दावा करणाऱ्यांना इंग्रजी वाचता येत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आम्ही जे विचारलं त्याचं उत्तर द्या, आणि आम्ही घास घेण्याआधी द्या. आपल्या घरात पाहुण्याला वाढताना आपण सांगतोच ना, 'यात कांदा-लसूण आहे हं.' त्याला कांदा का चालत नाही, त्याचं कारण आपल्याला पटतं का, हे आपण विचारत बसत नाही. आधी सांगतो, आणि ताट वाढतो. एवढा साधा रिवाज कारखान्यांनी आणि सरकारांनी पाळला असता, तर आज सांगितलेली निम्मी प्रकरणं घडलीच नसती.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.